लाइटनिंग बोल्ट हातात आलाय, पण तो नेमका कुठल्या छपाईचा?

माझा एक मित्र नव्वदच्या दशकात शिकायला अमेरिकेत होता, परत येताना बाकी सगळं तिथेच वाटून आला पण बुटाच्या खोक्यात भरलेली मॅजिक नावाच्या पत्त्यांच्या खेळाची कार्डं तेवढी बरोबर आणली आणि मग वीसेक वर्षं तो खोका माळ्यावर. मागच्या वर्षी घर बदलताना खोका माझ्याकडे आला. त्यात लाइटनिंग बोल्ट नावाची सात कार्डं होती. सात! मी लगेच मोबाइलवर नाव टाकून किंमत बघितली तर एका ठिकाणी शे-दीडशे रुपयांसारखा आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी चांगल्या मोटरसायकलीचा, आणि दोन्हीकडे नाव तेच, चित्र तेच. तेव्हा कळलं की आपल्याला अजून कार्ड वाचताच येत नाही. हा लेख त्यानंतर जे शिकलो त्याचा आहे, नवीन लोकांसाठी, ज्यांच्या हातात असा एखादा खोका आलाय किंवा येणार आहे.

अगदी थोडक्यात मागची गोष्ट. मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या माणसाने बनवला, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हाच्या छोट्याशा कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला, आणि सुरुवातीची छपाई बेल्जियममधल्या कार्टा मुंडी या पत्ते छापणाऱ्या कंपनीत झाली. लाइटनिंग बोल्ट पहिल्या दिवसापासून आहे. एक लाल माना (कार्ड खेळायला लागणारं जादूचं इंधन) द्यायचा, समोरच्याला ३ डॅमेज. खेळाडूकडे सुरुवातीला २० लाइफ असतात म्हणजे सात बोल्टमध्ये खेळ खल्लास (माझ्या खोक्यात बरोब्बर सात होते, मित्र तसा खेळत असावा). त्या पहिल्या सेटमध्ये (सेट म्हणजे एकत्र काढलेल्या कार्डांचा संच) ‘एक माना, तीन काहीतरी’ अशी पाच रंगांची पाच कार्डं होती, बोल्ट, डार्क रिच्युअल, जायंट ग्रोथ, हीलिंग साल्व्ह आणि अँसेस्ट्रल रिकॉल. त्यातलं अँसेस्ट्रल रिकॉल इतकं जबरदस्त निघालं की ते पुन्हा छापायचंच बंद केलं, आणि बोल्ट मात्र छापतच राहिले. शिकायला बोल्ट चांगला तो यासाठीच, कारण तो कॉमन आहे, म्हणजे पाकिटांत सहज निघणारा, खूप छापलाय, वेगवेगळ्या काळात छापलाय, आणि चुकलात तरी फार पैसे बुडत नाहीत.

मराठी पुस्तकाचं कसं असतं, मुखपृष्ठ उलटलं की पहिली आवृत्ती अमुक साल, पुनर्मुद्रण तमुक साल, सगळं सरळ लिहिलेलं. अगदी जुन्या मॅजिक कार्डावर असं काहीच नाही, ना साल ना सेटचं नाव. त्यामुळे कडा, कोपरे, रंग आणि खालची बारीक ओळ यांवरूनच ओळखायचं. क्रम मात्र सोडू नका, मी सोडला होता आणि एक आख्खी संध्याकाळ चुकीच्या आनंदात घालवली, ते पुढे येईलच.

आधी तयारी

हात धुऊन कोरडे करा. तेलकट बोटं नकोत, आणि चहाचा कप दुसऱ्या टेबलावर. दिवसाचा उजेड हवा, पिवळ्या बल्बखाली पांढरी किनार आणि पिवळट पडलेली किनार सारखीच दिसते. एक भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं छोटं, ३० पट किंवा जास्तचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक नक्की अस्सल असलेलं कुठलंही फालतू मॅजिक कार्ड जवळ ठेवा, एखाद्या सीलबंद पाकिटातून स्वतः फोडलेलं. पुढची प्रत्येक तपासणी या कार्डाशी तुलना करून करायची, डोळ्यांच्या अंदाजावर नाही.

पायरी १: आधी मागची बाजू

सगळे पुढचं चित्र बघत बसतात. उलटा करा. मॅजिकची पाठ १९९३ पासून बदललेलीच नाही, तपकिरी, मध्ये पाच रंगांचे ठिपके, खाली ‘डेकमास्टर’ शब्द आणि त्या शब्दावर निळ्या पेनाने चुकून रेघ ओढल्यासारखा एक फराटा. तो फराटा खरंच तिथे आहे, तुमच्या कार्डावर कोणी गिरगिटलेलं नाही. पाठ बदलली तर जुनी आणि नवी कार्डं एका गठ्ठ्यात वेगळी ओळखू येतील म्हणून तीस वर्षं तो तसाच छापला जातोय.

पाठ वेगळी असेल तर मामला वेगळा. डिसेंबर १९९३ मध्ये ‘कलेक्टर्स एडिशन’ म्हणून पूर्ण सेट एका डब्यात विकले, त्याचे कोपरे गोल नसून चौकोनी आहेत आणि पाठीवर सोनेरी अक्षरात तसं लिहिलेलं आहे. नंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या डेकच्या, म्हणजे तिथल्या खेळाडूंच्या गठ्ठ्यांच्या, प्रती निघायच्या, त्यांना सोनेरी किनार, पुढे खेळाडूची छापील सही आणि पाठ निराळी. आणि २०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसाची आवृत्ती आली, चार पाकिटांना ९९९ डॉलर, तिचीही पाठ वेगळी. यातलं काहीच स्पर्धेत चालत नाही. जमवायला हरकत नाही, पण ‘अल्फा-बीटासारखं (म्हणजे पहिल्या दोन छपायांसारखं, पायरी ५) दिसतंय’ म्हणून कोणी त्या भावात गळ्यात मारत असेल तर पाठ बघा आणि नमस्कार करा. (९९९ डॉलरवाल्या प्रकाराबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.)

पायरी २: सगळ्यात खालची ओळ

आता पुढची बाजू, पण चित्र अजूनही नाही, खाली चित्रकाराच्या नावाची ओळ बघा. इथे मुख्य तीन शक्यता.

फक्त चित्रकाराचं नाव आहे, ख्रिस्तोफर रश, साल नाहीच: कार्ड १९९३-९४ चं. पायरी ३ वर जा.

नावाखाली दुसरी ओळ आहे आणि त्यात १९९५ आहे: फोर्थ एडिशन. संपलं, पुढे काही बघायची गरज नाही. एप्रिल १९९५ चा सेट, ३७८ कार्डांचा, इंग्रजीत पांढरी किनार, प्रचंड छापला गेला. जुन्या खोक्यांमध्ये सगळ्यात जास्त हेच निघतं आणि किंमत बेताचीच असते.

साल २००९ किंवा त्याच्या पुढचं: नवीन छपाई, ती शेवटी बघू. पण इथे एक खड्डा आहे ज्यात प्रत्येक नवखा पडतो. नव्या कार्डांवर ‘१९९३–२००९’ असं लिहिलेलं असतं, आणि लोक पहिलं साल वाचून नाचायला लागतात. पहिलं साल कंपनीच्या हक्काचं आहे, कार्डाचं साल म्हणजे दुसरं. १९९३ च्या खऱ्या कार्डावर १९९३ लिहिलेलंच नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी फसवाफसवी तिथेच थांबते.

चित्रकाराबद्दल दोन शब्द. रश यांनीच ब्लॅक लोटस या याच खेळातल्या दुसऱ्या कार्डाचं चित्र काढलं, ज्याची त्यांची सही असलेली एक अल्फा प्रत २०२१ मध्ये ५,११,१०० डॉलरला गेली. ते २०१६ मध्ये वारले. बोल्टचं चित्र मला लोटसपेक्षा आवडतं, पण ते असो.

पायरी ३: किनार आणि भाषा

साल नसलेलं कार्ड हातात आहे. किनार काळी की पांढरी?

पांढरी आणि इंग्रजी असेल तर अनलिमिटेड किंवा रिव्हाइज्ड, पायरी ४. काळी आणि इंग्रजी असेल तर जरा बसून घ्या, पायरी ५.

काळी पण इंग्रजी नाही, फ्रेंचमध्ये ‘फूद्र’, इटालियनमध्ये ‘फुल्मिने’, जर्मनमध्ये ‘ब्लिट्झश्लाग’ असं काहीतरी लिहिलंय, तर टाकून देऊ नका! १९९४ मध्ये रिव्हाइज्ड सेट या तीन भाषांत निघाला तेव्हा पहिली छपाई काळ्या किनारीत झाली, नंतरची पांढऱ्या. इंग्रजीत रिव्हाइज्ड कधी काळ्या किनारीत आलाच नाही, त्यामुळे जुना चेहरा आणि काळी किनार दोन्ही हवं असणारे पण अल्फा-बीटा न परवडणारे लोक हीच कार्डं शोधत असतात.

पायरी ४: अनलिमिटेड की रिव्हाइज्ड, खरी डोकेदुखी इथे

बहुतेक भांडणं इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

अनलिमिटेड डिसेंबर १९९३ चा. आधीची काळ्या किनारीची कार्डं ‘लिमिटेड’ म्हणून विकलेली, ती संपली, लोक दुकानात येऊन मागत होते, म्हणून तीच कार्डं पुन्हा छापली पण पहिल्या ग्राहकांना वाईट वाटू नये म्हणून किनार पांढरी केली. काळी किनार म्हणजे पहिली छपाई, पांढरी म्हणजे पुन्हा छापलेलं, ही रीत तिथून सुरू झाली. मग एप्रिल १९९४ मध्ये रिव्हाइज्ड आला, ३०६ कार्डं, काही जुनी कार्डं काढली, काही इतर सेटमधली घातली, आणि छपाई आधीपेक्षा कितीतरी पट जास्त. दोन्हीत किनार पांढरी, चित्र एकच, सेटचं चिन्ह दोन्हीत नाही. आणि भावात मात्र मोठा फरक.

बघायचं काय तर फ्रेम. पांढऱ्या किनारीच्या आत जी लाल चौकट सुरू होते तिची बाहेरची कड बघा. अनलिमिटेडमध्ये तिथे एक उतार दिल्यासारखी छटा आहे, लाकडी फोटोफ्रेमची कड तासलेली असते तशी, त्यामुळे चौकट किंचित उठून आल्यासारखी वाटते. रिव्हाइज्डमध्ये ती कड गायब, लाल रंग सरळ पांढऱ्याला जाऊन भिडतो. दुसरं म्हणजे रंग. रिव्हाइज्ड फिकट आहे, दहा वेळा धुतलेल्या शर्टासारखा, विटलेला. अनलिमिटेडचा लाल गडद आणि भरलेला.

आता सगळेजण रंगावरून ठरवतात, मीही तेच केलं. माझ्या सातपैकी दोन कार्डं बाकीच्यांपेक्षा जरा गडद वाटली, मी म्हटलं अनलिमिटेड सापडले, बायकोला सांगितलं, मित्राला अर्धे पैसे द्यायचे की नाही यावर मनातल्या मनात चर्चासुद्धा करून झाली. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून कड बघितली तर उतार नाहीच. रिव्हाइज्ड होते, फक्त खोक्याच्या तळाशी राहिल्याने कमी वापरलेले. रंग उन्हाने, हाताळण्याने, तुमच्या ट्यूबलाइटने बदलतो, कड बदलत नाही. फोटोवरून विकत घेत असाल तर विकणाऱ्याला फ्रेमच्या कडेचा जवळून फोटो मागा, नाही दिला तर रिव्हाइज्ड समजून भाव करा.

एक गंमतही सांगतो, खोक्यात सापडेल अशी आशा ठेवू नका पण माहीत असलेलं बरं. १९९४ च्या उन्हाळ्यात कंपनीने रिव्हाइज्डची सुधारून एक छपाई केली, रंग फारच गडद आले, वर चुका झाल्या, हरिकेन नावाचं हिरवं कार्ड चक्क निळ्या फ्रेममध्ये छापलं गेलं. कंपनीने तो माल नष्ट करायचं ठरवलं, तरी थोडी पाकिटं सुटलीच. त्याला ‘समर मॅजिक’ म्हणतात. त्यावर खाली १९९४ साल छापलेलं आहे, म्हणजे पायरी २ मध्येच कळतं. पांढरी किनार, जुना बोल्ट आणि १९९४, असं खरंच दिसलं तर कोणाला काही बोलू नका आणि आधी कार्ड स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ खोळीत) घाला.

पायरी ५: काळी किनार, अल्फा की बीटा

ऑगस्ट १९९३ चा तो अल्फा, ऑक्टोबरचा तो बीटा. खरं तर दोन्ही मिळून एकच ‘लिमिटेड एडिशन’, साधारण एक कोटी कार्डांची, त्यातली २६ लाख आधी आली ती अल्फा. अल्फात २९५ कार्डं होती, दोन कार्डं चुकून राहूनच गेली होती, ती बीटात घातली आणि जमिनीची जास्तीची चित्रं धरून आकडा ३०२ झाला. बोल्ट दोन्हीत आहे आणि दोन्हीत हुबेहूब सारखा आहे. अक्षरं तीच, ‘डझ ३ डॅमेज टू वन टार्गेट’, हीच जुनी भाषा.

फरक फक्त कोपऱ्यांचा. अल्फाचे कोपरे जास्त गोल कापलेत, बीटापासून आजपर्यंतचे कमी गोल. ते अस्सल साधं कार्ड घ्या, दोन्ही एकावर एक ठेवा, कोपरा कोपऱ्याला जुळवा. खालच्या कार्डाचं टोक बाहेर डोकावलं तर वरचं अल्फा. इतका स्पष्ट फरक आहे की त्या काळात गठ्ठ्यात अल्फा आणि बीटा मिसळले तर पाठमोरं कार्डही ओळखू यायचं, आजही अशी मिसळ करायची तर अपारदर्शक पाठीचे स्लीव्ह लागतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, गोल कोपरा म्हणजे लगेच अल्फा असं नाही. बीटाचे कोपरे कात्रीने कापून जास्त गोल करणारे लोक आहेत. कलेक्टर्स एडिशनचे चौकोनी कोपरे कापून, पाठ सोलून त्यावर दुसऱ्या स्वस्त अस्सल कार्डाची पाठ चिकटवणारेही आहेत, त्यात पुढचं खरं आणि मागचंही खरं, फक्त दोघांचं लग्न खोटं! म्हणून काळ्या किनारीच्या जुन्या कार्डाची कड नेहमी बाजूने बघा, भिंगातून. अखंड पुठ्ठ्याचा थर सलग दिसतो, चिकटवलेल्यात जोडाची रेघ किंवा जास्त जाडी कळते. चारही कोपरे एकमेकांशी जुळतात का तेही बघा, हाताने कापलेलं कधी चारही बाजूंनी सारखं येत नाही.

पायरी ६: भिंग आणि हिरवा ठिपका

महाग काही वाटत असेल तर ही पायरी सोडू नका. पाठीवरच्या पाच ठिपक्यांपैकी हिरव्या ठिपक्यावर भिंग धरा. छपाईचे बारीक बिंदू दिसतील आणि त्यात चार लाल बिंदू इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले. अस्सल कार्डात ते मिळतात, बहुतेक नकली कार्डात नाहीत किंवा चुरगळलेले दिसतात. पहिल्यांदा बघताना दहा मिनिटं काहीच कळणार नाही, आधी तुमच्या त्या साध्या कार्डावर सराव करा, एकदा दिसलं की मग पटकन दिसतं.

दुसरं, पुढच्या बाजूची काळी अक्षरं. अस्सल छपाईत चित्र रंगीत बिंदूंच्या फुलांसारख्या नक्षीतून बनतं पण अक्षरांचा काळा वेगळा, सलग, धारदार कडेचा असतो. अक्षरंच बिंदूंची बनलेली दिसली तर कोणीतरी स्कॅन करून छापलंय. तिसरं, मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि साध्या कार्डाशी तुलना करा, प्रकाश साधारण तितकाच आरपार आला पाहिजे.

इंटरनेटवर वाकवून बघा, पाण्याचा थेंब टाकून बघा असे सल्ले मिळतील. नका ऐकू. कार्ड खरं निघालं तर तुम्हीच ते खराब केलेलं असेल. आणि वर म्हटलेल्या चिकटवलेल्या कार्डात हिरवा ठिपका खराच असतो, तेव्हा पायरी ५ ची कड बघणं आणि पायरी ६ दोन्ही करायचं, एकाने भागत नाही.

नवीन बोल्ट, भराभर

फोर्थ एडिशननंतर मुख्य सेटमधून बोल्ट गायब झाला. एका मानात तीन डॅमेज जास्तच होतं असं कंपनीचं मत, पर्याय म्हणून दोन मानाचं इन्सिनरेट चालवलं, मग एका मानात दोनच डॅमेजचं शॉक आलं. चौदा वर्षांनी, २००९ मध्ये, मॅजिक २०१० सेटमध्ये बोल्ट परत आला तेव्हा जुने खेळाडू वेडे झाले होते म्हणतात. चित्र नवीन, ख्रिस्तोफर मोलर यांचं. त्यावर ‘एम१०’ असं चिन्ह आणि खाली १४६/२४९ हा क्रमांक. पुढच्या वर्षीच्या मॅजिक २०११ मध्ये पुन्हा, चिन्ह ‘एम११’, क्रमांक १४९/२४९. दोन्ही काळ्या किनारीचे, कारण २००७ च्या टेन्थ एडिशनपासून मुख्य सेटही काळ्या किनारीत यायला लागले. म्हणजे ‘काळी किनार = जुनं’ हा नियम इथे बाद, आधी खालची ओळ बघा म्हणून जे सांगत होतो ते यासाठीच.

चिन्हाचा रंगही बघा. काळं म्हणजे कॉमन, चंदेरी अनकॉमन, सोनेरी रेअर, ही पद्धत १९९८ च्या एक्सोडस सेटपासूनची. २०१५ च्या मॉडर्न मास्टर्समधला बोल्ट चंदेरी चिन्हाचा आहे, म्हणजे जन्मभर कॉमन असलेलं कार्ड तिथे अनकॉमन झालं. २०१४ नंतरच्या कार्डांवर तळाशी सेटचा छोटा कोड आणि भाषा छापलेली असते, तो कोड टाकून शोधा, एका मिनिटात उत्तर. वाक्यावरूनही काळ कळतो, ‘टार्गेट क्रीचर ऑर प्लेअर’ म्हणजे मधला काळ, ‘एनी टार्गेट’ म्हणजे २०१८ किंवा त्यानंतरचं. २०१० मध्ये बक्षीस म्हणून वाटलेला एक बोल्ट तर असा आहे की त्यावर वाक्यच नाही, नुसतं चित्र. काय करतो हे सगळ्यांना पाठ असल्यावर लिहायचं कशाला!

एक प्रश्न नेहमी येतो, पुन्हा छापला की जुन्याची किंमत पडणार का? १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्हड लिस्ट’ जाहीर केली, पुन्हा कधीच छापणार नाही अशा कार्डांची यादी, कारण त्याच्या आदल्या वर्षी क्रॉनिकल्स सेटमध्ये जुनी कार्डं पुन्हा काढल्यावर जमवणाऱ्यांनी आरडाओरडा केला होता. बोल्ट त्या यादीत नाही, हवा तेवढा छापता येतो आणि छापतातही. तरी अल्फाचा बोल्ट महागच राहिला कारण नवीन छपाईमुळे अल्फाच्या प्रती वाढत नाहीत. मधल्या छपाईचे, म्हणजे एम१० किंवा मॉडर्न मास्टर्सचे बोल्ट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवू नका, माझा तरी सल्ला खेळायला घ्या आणि खेळा.

नोंद ठेवा

ओळख पटली की कार्डावर काही लिहू नका, पेन्सिलनेही नाही, स्टिकर तर अजिबात नाही. स्लीव्हमध्ये घाला, मग कडक प्लास्टिकच्या होल्डरमध्ये, आणि होल्डरवर चिठ्ठी: सेट, भाषा, कुठल्या पायरीवरून ठरवलं. ‘रिव्हाइज्ड, कड नाही’ एवढं लिहिलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा सगळं तपासावं लागत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, दमट हवेत ही कार्डं पापडासारखी वळतात, फॉइलवाली (चकचकीत थराची) तर आधी.

माझ्या सातांचा हिशेब: चार फोर्थ एडिशन, दोन ते रिव्हाइज्ड ज्यांनी मला एक रात्र श्रीमंत केलं, आणि एक काळ्या किनारीचं ‘फूद्र’, जे मित्राने सगळ्यात खाली ठेवलं होतं कारण कोणा फ्रेंच रूममेटने अदलाबदलीत दिलेलं ते त्याला नकली वाटायचं. हिरवा ठिपका बघितला, कड बघितली, अस्सल आहे. फोन करून सांगितलं तर म्हणाला, मग तेवढं एक परत दे.